तेलाच्या चिंध्या

माझं डोकं तसं कायमच तापलेलं असतं. मी लोकांना मोटार चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुकीवर ब्रेक मारायचा, हा माझा धंदा. माझ्या गाडीला ब्रेक दोन आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक माझ्या. दादा म्हणतो, हिच्या गाडीला दोन द्यायचे म्हणून देवाने हिच्या तोंडाला एकही दिला नाही. म्हणू दे. त्या दुपारी माहेरच्या मागच्या खोलीत मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी गेले होते वहिनीला तिच्या वडिलांकडे सोडायला. "थोडे दिवस विश्रांती घेऊ दे तिला," आई फोनवर म्हणाली होती. विश्रांती! वहिनीला माहेरी पाठवायचं आणि तिची पोर मात्र इकडे ठेवून घ्यायची, ही कुठल्या जातीची विश्रांती? दादा-वहिनीची मुलगी, आमची चिमणी, अजून नीट बोलतही नाही. झोप आली की वहिनीच्या कानाची पाळी चिमटीत धरते आणि तेव्हाच डोळे मिटते. ती पोर आजीजवळ राहणार आणि वहिनी एकटी जाणार, असं ठरलं होतं. किती दिवसांसाठी, ते कोणी सांगत नव्हतं. मी विचारलं तर आई म्हणाली, "बघू." आमच्या घरात ज्या गोष्टी 'बघू'वर टाकल्या त्या पुन्हा कोणी बघितल्या नाहीत.

कारण सगळ्यांना पाठ होतं. वहिनीने इस्त्री चालू ठेवली आणि घराला आग लावली.

आग लागली ती मागच्या खोलीत. स्वयंपाकघर आणि अंगण यांच्या मधली ती खोली. तिथे इस्त्रीचं टेबल, एक कपाट आणि एक खाट. अंगणात पत्र्याची शेड आहे, तो दादाचा कारखाना. दादा सुतार आहे, आणि हात चांगला आहे त्याचा, ते मी नाकारणार नाही. त्या दिवशी आई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती आणि दादा टेम्पोतून एक कपाट पोचवायला. वहिनीने चिमणीच्या फ्रॉकांना इस्त्री केली, तिला तिथेच खाटेवर झोपवलं आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. खाली बघते तर खिडकीतून धूर. ती जिने उतरून धावली, धुरात शिरली, पोर चादरीसकट उचलून बाहेर आली. तिच्या डाव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत अजून गुलाबी आणि चकचकीत आहे. चिमणीला एक रात्र दवाखान्यात तोंडावर नळी लावून ठेवलं होतं. आता ती ठणठणीत आहे.

अग्निशमनवाल्यांनी आग विझवली. त्यांच्यातल्या एकाने पाण्याचा पाइप गुंडाळता गुंडाळता कोळसा झालेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "इथे काय होतं?"

"इस्त्रीचं टेबल," दादा म्हणाला.

"मग इस्त्रीच राहिली असणार," तो म्हणाला आणि गाडीत बसून गेला. बिचाऱ्याला पुढची आग विझवायची होती. वायर वितळली होती, बोर्ड वितळला होता, प्लग बोर्डात होता की बाहेर हे ओळखायला काहीच शिल्लक नव्हतं. त्याने जाता जाता केलेला अंदाज आमच्या घरात निकाल झाला.

आणि निकाल पटायला सोपा होता, कारण वहिनी विसराळू. म्हणजे आहेच. भाजीत मीठ दोनदा पडतं, नाहीतर पडतच नाही. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधते. तिने आतापर्यंत इतक्या छत्र्या विसरल्या आहेत की अर्धं गाव तिच्या कृपेने कोरडं राहतं. आम्ही सगळेच तिची थट्टा करायचो आणि ती स्वतः सगळ्यांच्या आधी हसायची. आगीनंतर ती थट्टा संपली. आता प्रत्येक गोष्ट पुरावा झाली. दूध उतू गेलं की आई दादाकडे बघायची, आणि दादा ताटात बघायचा.

मग नियम आले. इस्त्री आईच्या कपाटात कुलपाआड गेली. चिमणीला आंघोळ घालायची ती न्हाणीघराचं दार उघडं ठेवून, आणि बाहेर आई स्टूल टाकून बसणार. चिमणीला घेऊन वहिनीने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा एकटीने जायचं नाही. मी एकदा आईशी कडाकडा भांडले. म्हटलं, झाली असेल चूक, पण आगीत शिरून पोर बाहेर कोणी आणली? आई म्हणाली, "तुला पोर नाही, तुला नाही कळायचं." पुढचे कितीतरी दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे वहिनीचे वडील येऊन गेले. घड्याळं दुरुस्त करतात ते, म्हातारा सज्जन माणूस, आवाज अगदी बारीक. पुढच्या खोलीत उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. दादापुढे हात जोडून म्हणाले, "लहानपणापासून अशीच आहे हो. आम्हीच वळण लावायला कमी पडलो. पदरात घ्या." दादाने त्यांचे हात धरले आणि म्हणाला, "जाऊ द्या, झालं ते झालं." वर चहाही पाजला. मी तिथेच होते. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा आहे माझा भाऊ.

तर त्या दिवशी मी गाडी घेऊन पोचले तेव्हा वहिनी पुढच्या खोलीत बॅगेशेजारी बसली होती. बसली होती म्हणजे, बसायची, उठायची, स्वयंपाकघरात जाऊन गॅसची बटणं बघायची, परत येऊन बसायची. थोड्या वेळाने पुन्हा उठायची. पूर्वी कुकर लावून शेजारी गप्पा मारायला जाणारी ही बाई.

"वहिनी, बंद आहे गॅस. मी पण बघितला," मी म्हटलं.

"हो ना? नक्की?" ती म्हणाली, आणि तरी एकदा बघून आली.

मागच्या खोलीला नवा रंग दिला होता आणि दादाने तिथे भिंतभर नवं कपाट उभं केलं होतं. त्याला तो जवसाचं तेल चोळत होता. हे तेल लाकडात मुरतं आणि हळूहळू सुकून कडक होतं, मग लाकूड कसं जिवंत दिसतं. त्याच्या हातची सगळी कपाटं अशीच तेल पिऊन तयार होतात. मी दारात उभी राहून त्याच्याशी बोलत होते, तेवढ्यात तो स्टुलावरून उतरला आणि त्याच्या पायाचा धक्का लागून तेलाचा डबा आडवा झाला. पिवळंधमक तेल फरशीभर पसरलं.

"कोणी हात लावू नका," दादा म्हणाला. "मी बिजागऱ्या घेऊन येतो, वाटेत एक माप घ्यायचंय, आलो की मी बघतो. आई, ऐकलंस का? हात लावायचा नाही."

"बरं," आई म्हणाली.

आमच्या आईने सांडलेलं काही तसंच ठेवणं म्हणजे मांजराने दुधाची राखण करणं. दादाची स्कूटर गल्लीतून वळली नसेल, तोवर ती जुन्या चादरी फाडून बसली. आईने पुसलेल्या फरशीवर पाय ठेवायला पाहुणे घाबरतात. ती आधी कापडाने तेल टिपते, मग दुसऱ्याने पुसते, मग तिसऱ्याने चकाकी येईपर्यंत घासते. आणि वापरलेली चिंधी ती कधी फेकत नाही. पिळायची, चौघडी करायची, गुंडाळून आवळायची आणि शेवटचं टोक आत खोचायचं, म्हणजे गोळा सुटत नाही. असे गोळे एकाला एक चिकटवून ती झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत रचत होती. वरून तळव्याने दाबत होती.

"याच्या भरवशावर राहिलं तर संध्याकाळपर्यंत पोर घसरून पडेल," ती पुटपुटत होती. "त्याही दिवशी असंच. राहू दे म्हणाला आणि गेला. मीच पुसून काढलं आणि मग डॉक्टरकडे गेले. पण आमच्या कामाचं कौतुक कोणाला?"

"कुठल्या दिवशी?" चिमणीच्या हातातला खिळा काढून घेत मी विचारलं.

"अगं, आग लागली त्याच दिवशी. सकाळी इथेच असाच डबा लवंडला होता याच्याकडून."

माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. मी चिमणीसाठी दुसरं काहीतरी खेळायला शोधत होते. आईने बादलीवर झाकण सैलसर टाकलं, बादली नव्या कपाटाला टेकवून ठेवली आणि हात धुतले.

जेवणं झाली. दादा आला नाही. फोन केला तर म्हणाला, माप घ्यायला गेलो तिथे अडकलोय, येतोच आहे, मी आल्याशिवाय निघू नका. वहिनीच्या वडिलांचा फोन येऊन गेला, निघालात का म्हणून. चिमणी खेळता खेळता मागच्या खोलीतच नव्या खाटेवर झोपली. आई तिच्या पायथ्याशी बसून डुलक्या घेत होती. आणि मला वास आला.

जुन्या, काळ्या पडलेल्या तेलात काहीतरी तळताना येतो तसा वास. मी आधी स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद. तिथे वहिनी उभी, चेहरा पांढराफटक. "ताई, मी नाही लावलेला," ती म्हणाली. "मी आत्ताच बघितलंय. मी काहीच लावलं नाहीये." मी काही विचारलंही नव्हतं.

वास मागच्या खोलीत जास्त होता. इस्त्री कुलपात होती. बोर्डात एकही प्लग नव्हता. मी कुत्र्यासारखी हुंगत हुंगत बादलीपाशी आले आणि झाकणाला हात लावला. झाकण गरम होतं, आणि मधोमध जरा मऊ पडलं होतं. मी बोटाने कड उचलली तर वाफेसारखी धग तोंडावर आली.

मी ओरडले, "आई, चिमणीला उचल, बाहेर जा!" आणि झाकण दाबून, बादली कडीने उचलून अंगणात धावले. नळाखाली ठेवून झाकण काढलं आणि नळ पूर्ण सोडला. चर्र झालं. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघाला. बादली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही. मग काठीने मधला एक गोळा बाहेर काढून उलगडला. वरून तो नुसता पिवळट होता. आत चादरीवरची निळी फुलं करपून काळी झाली होती, आणि मध्ये कापड राहिलंच नव्हतं. भोक पडलं होतं.

कोणी काडी ओढली नव्हती. जवळपास ना वायर होती ना इस्त्री. माझ्या डोळ्यांसमोर आईने त्या चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि त्या आपोआप पेटायला निघाल्या होत्या.

आई चिमणीला कडेवर घेऊन मागच्या पायरीवर आली. "भिजवल्यास कशाला? वाळवून पुन्हा..." एवढं म्हणाली आणि तिला ते भोक दिसलं.  ती हळूच पायरीवर बसली.

"त्या दिवशी पुठ्ठ्याचा खोका होता," ती म्हणाली. "मी टेबलाखाली सरकवला होता. इस्त्रीच्या."

आईचे हजार दोष सांगेन मी, पण ती खोटं बोलत नाही. दुसऱ्याशी नाही आणि स्वतःशी तर नाहीच. एका मिनिटात तिने सगळं जोडलं आणि स्वतःच्या पदरात घेतलं.

मी मात्र भलतीकडेच बघत होते. अंगणाच्या कुंपणाला दादाने एक तार बांधली आहे. त्या तारेवर त्याच्या शेडमधल्या तेलाच्या चिंध्या वाळत होत्या. एक एक सुटी, पसरलेली, चिमटा लावलेली, दोन चिंध्यांमध्ये हातभर अंतर. वाळून खडखडीत झालेल्या. ही तार मी वर्षानुवर्षं बघत आलेय. दादा एरवी इतका गबाळा की पायमोज्यांची जोडी कधी एकत्र सापडत नाही, पण चिंध्या मात्र कोणी नवरीची साडी वाळत घालावी तशा घालतो. आम्ही त्यावरून त्याला चिडवायचो. तो नुसता हसायचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात स्कूटर आली. दादा बिजागऱ्यांची पिशवी हलवत अंगणात आला आणि आम्हाला बघून थांबला. त्याने बादली बघितली. काठीवरची ती भोक पडलेली चिंधी बघितली. आईकडे बघितलं. त्याला काहीही सांगावं लागलं नाही, आणि तिथेच मला सगळं कळलं.

"मी हात लावू नका म्हणालो होतो," तो म्हणाला.

"दादा, तू तुझ्या चिंध्या तारेवर का टाकतोस?"

"ते... अशा गुंडाळून ठेवल्या तर तापतात."

"का तापतात?"

"हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवा ओढून घेऊन सुकतं, आणि सुकताना गरम होतं. पसरलेल्या कापडातली ऊब निघून जाते. गुंडाळलेल्यातली आतच कोंडते."

"मग सांडलं तर पुसायचं कसं?" आईने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, शाळेतल्या मुलीने विचारावं तसा.

"पुसायचं नेहमीसारखंच. चिंध्या लगेच बाहेर नेऊन एक एक पसरायच्या. नाहीतर पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून झाकण लावायचं."

झालं. एवढंच होतं. चुलीवरचं दूध उतू जायला लागतो त्याहून कमी वेळ लागला सांगायला. हे एवढंसं बोलायला या माणसाची जीभ झडली होती, आणि त्यापायी माझ्या वहिनीची पोर तिच्यापासून तोडायला सगळे निघाले होते.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"कामाला लागलो तेव्हापासून. पहिल्याच दिवशी उस्तादांनी सांगितलं होतं."

"म्हणजे आग लागली तेव्हा माहीत होतं. डबा तू लवंडलास, आईने ते पुसून चिंध्या कोंबल्या, टेबलाखालून आग लागली. तुला त्याच दिवशी कळलं होतं."

"नक्की असं कुठे होतं? इस्त्रीही असू शकते..."

"दादा!"

तो पिशवीतल्या बिजागऱ्या चाचपायला लागला. मूग गिळून बसण्यात आमच्या दादाचा हात धरणारा कोणी नाही. बाहेरच्यांना ते समजूतदारपणासारखं दिसतं. मलाही वर्षानुवर्षं तसंच दिसत होतं.

"बोल," मी म्हटलं. "तिचे वडील हात जोडून उभे होते तुझ्यासमोर. त्या म्हाताऱ्याला तू चहा पाजलास. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशी देणाराच डोळे पुसतोय!"

"हळू बोल, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! इस्त्रीची गोष्ट ऐकवताना नाही शेजाऱ्यांची लाज वाटली?"

"अगं, मी काय करायला हवं होतं?" आता तोही चिडला. "आईला सांगू, की तुझ्या हाताने नात जळता जळता वाचली? या वयात? खचली असती ती. जेवली नसती. तुला आई माहीत नाही का?"

"आणि वहिनी?"

दादाने खांदे उडवले. तसं करताना त्याच्या हातातली पिशवी खुळखुळली. "तिला काय," तो म्हणाला. "तिला सवय आहे गं बोलणी खायची."

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. सिग्नलवर, चौकात, उलट्या बाजूने घुसणाऱ्या टेम्पोवाल्यांना. त्या क्षणी मला एकही आठवली नाही. माझ्या हातात काठी होती आणि तिच्या टोकाला ती ओली चिंधी. मी ती काठी खाली ठेवली, कारण ठेवली नसती तर काय केलं असतं ते मला ठाऊक आहे.

बोलली ती आई. "मला विचारलं होतंस का, मी खचू का नको म्हणून?" ती म्हणाली. "माझ्या नावावर खपवलंस तू हे. मी त्या पोरीला रोज टोचलं. पोटच्या पोरीला आंघोळ घालताना दारात पहारा दिला तिच्यावर. माझं पाप माझ्या पदरात टाकायला तुझे हात मोडले होते?"

"आई, शांत हो. बघ, म्हणूनच मी..."

"मी प्लग काढला होता."

दारात वहिनी उभी होती. कधी येऊन उभी राहिली कोणाला कळलं नव्हतं, आणि किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. तिचा भाजलेला हात चौकटीवर होता.

"मी प्लग काढला होता," ती पुन्हा म्हणाली. ती आमच्याकडे बघत नव्हती, फक्त दादाकडे. "वायर इस्त्रीला गुंडाळली होती. टोक अडकवलं होतं. दवाखान्यात, चिमणीला नळी लावली होती तेव्हा, मी तुम्हाला सांगितलं. आठवतंय तुम्हाला?"

दादाने मान खाली घातली.

"तुम्ही म्हणालात, तुला तसं वाटतंय. भीतीने भास होतोय तुला. तुझं कधी काही लक्षात राहतं का? आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलात."

"तू घाबरलेली होतीस तेव्हा. मला वाटलं..."

"अहो, मी रोज रात्री डोळे मिटून ती वायर गुंडाळते. कधी गुंडाळलेली दिसते, कधी बोर्डात दिसते. आता मला खरंच कळत नाही मी काय केलं होतं. गॅस बंद केला की नाही कळत नाही. दाराला कडी लावली की नाही कळत नाही. मला वाटायला लागलं होतं, चिमणीला इथे ठेवून जाणंच बरं. तिच्याच भल्याचं आहे." तिने चौकटीवरचा हात काढला. "मी आज स्वतःहून निघाले होते. तुम्ही बॅग खाली आणून दिलीत."

चिमणी आईच्या कडेवरून वाकून तिच्याकडे झेपावत होती. आई उठली आणि तिने पोर वहिनीच्या हातात दिली.  वहिनीने चिमणीला छातीशी धरलं, आणि त्या कार्टीने लगेच तिचा कान पकडला.

दादाला वाटलं, मिटलं. मी त्याचा चेहरा ओळखते. त्याने सुस्कारा सोडला, पिशवी पायरीवर ठेवली आणि घरातला कर्ता पुरुष झाला. "बरं, झालं ते झालं," तो म्हणाला. तेच शब्द, अगदी तेच! "आता कळलं ना सगळ्यांना? मग संपलं. तू कुठे जाऊ नकोस, बॅग वर ठेव. चिमणी तुझ्याजवळ. इस्त्रीबिस्त्री सगळं पहिल्यासारखं. घरातली गोष्ट घरात राहू दे, बाहेर कशाला गाजावाजा?"

"बाहेर?" माझा आवाज चिरकला. "बाहेर तर तूच..."

वहिनीने हात वर करून मला थांबवलं. मला! शिकाऊ लोक गाडी भिंतीवर घालतात तेव्हाही मला कोणी असं थांबवू शकत नाही. तिने चिमणीला डाव्या कडेवर घेतलं, कमरेला खोचलेला फोन काढला, एक नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. मग तो फोन दादाच्या तोंडासमोर धरला.

"सांगा," ती म्हणाली.

"कोणाला?"

"बाबांना. त्यांनी तुमच्यापुढे हात जोडले होते."

"आत्ता? अगं, असं फोनवर नको. मी जाईन, भेटून नीट समजावून..."

"आत्ता. माझ्यासमोर."

फोनची रिंग वाजत होती. दादा माझ्याकडे बघायला लागला, मग आईकडे. आईने मान फिरवली. बादलीतून अजून पाणी वाहत होतं, कारण नळ बंद करायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. मग तिकडून फोन उचलला गेला, खाकरल्याचा आवाज आला.

"हॅलो, कोण, पोरी? निघालात का?"

 वहिनीने फोन आणखी पुढे केला.

"बाबा, मी बोलतोय," दादा म्हणाला.

 मग तोच बारीक आवाज, घाईघाईने, जणू खालमानेने आला.

"जावईबापू? परत काही केलं का हो तिने?"